एकशे चौदा नंबरची गंगा

"घरात कुणाला ताप आहे का?"

माझ्याच घराच्या दारात उभं राहून मी विचारलं. डोक्यावर खाकी टोपी, खांद्याला काचांची पिशवी, हातात गेरूचा डबा. चपला काढल्या नाहीत. ड्यूटीवरचा माणूस लोकांच्या दारात चपला काढत बसत नाही, आणि एकशे चौदा नंबरच्या घराशी दर दुसऱ्या सोमवारी मी ड्यूटीवरच यायचो.

आतून माझ्या बायकोचा, बनूचा, आवाज आला, "न्हाई मास्तर."

"पंधरा दिवसांत कुणाला थंडी वाजून आली?"

"थंडी न्हाई. पर आमच्या धन्याचं डोस्कं कायम तापल्यालं असतंय. त्याला गोळी हाय का?"

"त्याला सरकारकडं गोळी नाही, बाई," असं म्हणून मी चौकटीशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख घातली, सही केली आणि खाली नेहमीचं लिहिलं : ताप नाही. साचलेले पाणी नाही.

त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं धडधडीत खोटं. घराच्या मागं परसात कमरेइतकं खोल तळं होतं आणि ते माझ्याच हातानं खणलेलं होतं. बारा वर्षं मी त्या भिंतीवर हे खोटं लिहीत होतो आणि एकदाही हात अडला नाही. आता वाटतं, अडायला हवा होता. की नको? बघा, हे असं होतं माझं. माझी आई म्हणायची, सहादेवाला दोन वाटा दाखवल्या की तो मधल्या बाभळीत शिरतो.

म्हणूनच मला मलेरियाची नोकरी मानवली. खर्डा गावातली माझ्या हद्दीतली घरं ठरलेली, दिवस ठरलेले, प्रश्न ठरलेले. ताप असेल त्याचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, चार कडू गोळ्या द्यायच्या. साचलेलं पाणी दिसलं तर ओतून द्यायला सांगायचं, ओतता येत नसेल तर त्यावर काळं तेल टाकायचं. एकही घर सोडायचं नाही. स्वतःचंही नाही. पहिल्यांदा मी आमच्याच दारात उभा राहून हाक मारली तेव्हा बनू पोट धरून हसली होती. मग तिनंही तो खेळ लावून धरला. त्या एका दिवसापुरती तीही मला गावासारखी मास्तर म्हणायची.

तळ्याची गोष्ट अशी की बनू कोपरगावची. गंगेच्या काठची. तिकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. अशी पाण्यातली पोर लग्न होऊन आमच्या खर्ड्याला आली, जिथं पाहुण्याला पाणी देताना तांब्या अर्धाच भरतात. पहिलं वर्ष ती काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "अवं, मला दागिना नगं का लुगडं नगं. दाराशी वंजळभर तरी पानी असू द्या. नुसतं बघाया."

मी खड्डा खणला. काळी माती तुडवून तुडवून लिंपली, कडेनं दगड लावले. पण भरायचा कशानं? ते डोकं बनूचं. तिनं मोरीचं पाणी वळवलं. आंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतलेलं. ते आधी अळूच्या वाफ्यात, तिथून कर्दळीत, आणि कर्दळीतून निथळून खड्ड्यात. घरात तिनं साबण बंद केला. भांडी राखेनं, डोकं शिकेकाईनं. सहा महिन्यांत खड्डा भरला, आणि पाणी असं नितळ की तळाचा खडा दिसावा. पुढच्या भाऊबीजेला ती माहेरी गेली आणि येताना तेलाच्या डब्यात नदीतले बोटाएवढे मासे घेऊन आली. कोपरगावहून नगर, नगरहून जामखेड, जामखेडहून खर्डा, सगळी वाट डबा मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "बाई, डब्यात काय?" ही म्हणाली, "गंगा हाय." त्यानं कपाळाला हात लावला.

गावात तेच नाव पडलं. बनूबाईची गंगा. बेडूक आपोआप आले, कुठून ते देवाला ठाऊक. चतुर आले. एक दिवड, म्हणजे पाणसाप, राहायला आली, तिला बघून मी आठ दिवस परसात गेलो नाही. शेजारच्या मुबारकबीचाची कुंपणावरून म्हणायच्या, "सहादेवा, तुझी बायको गंगा घेऊन आली, आता शंकरालाबी बोलीव." पण त्यांचा दुधी भोपळा आमच्या कुंपणावरच चढायचा. तळ्यावर पाणी प्यायला मधमाश्या यायच्या, त्या जाता जाता त्या भोपळ्याच्या फुलांत शिरायच्या. सगळ्या आळीत कुणाच्या वेलाला फळ धरलं नाही तरी चाचींच्या वेलाला धरायचंच.

आणि डास? खरं सांगतो, आमच्या परसात डास नव्हते. मलेरियाचा माणूस असून मी त्याचा कधी विचारच केला नाही. पुस्तकात लिहिलं होतं, साचलेलं पाणी म्हणजे डास. परसात पाणी होतं, डास नव्हते. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. त्यांना मी कधी एकमेकींना भेटू दिलं नाही.

मग बहात्तर साल आलं.

पाऊस आलाच नाही. विहिरींनी तळ दाखवला, निम्मं गाव खडी फोडायला गेलं, पाणी टँकरनं यायला लागलं, तेही तिसऱ्या दिवशी. घरोघरी रांजण, पिंपं, हंडे, जे सापडेल ते भरून ठेवायचं आणि जिवासारखं जपायचं. गंगा अर्ध्यावर आली, पण आटली नाही. माणूस तोंड धुवायचं थोडंच सोडतो? ते पाणी अळूतून, कर्दळीतून तिथं जातच होतं. त्या भाद्रपदात आमच्या परसात जेवढ्या चिमण्या, साळुंक्या अन्‌ बुलबुल जमले तेवढे मी जन्मात पाहिले नाहीत. बनू सकाळी भाकरी टाकता टाकता दारातून बघत बसायची. एकदा म्हणाली, "अवं, ह्यास्नी कुनी सांगितलं असंल, हितं पानी हाय म्हून?"

दसऱ्याच्या सुमाराला मुबारकबीचाचींना ताप भरला. थंडी वाजून. मी बोट टोचलं, काच पाठवली, आणि उत्तर आलं, लाल शाईत. मलेरिया. सात वर्षांत माझ्या हद्दीत एकही काच लाल आली नव्हती. ती आली माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात. मला वाटलं, लाल शाईनं माझंच नाव लिहिलंय.

चौथ्या दिवशी नगरहून इन्स्पेक्टर आले. श्रीमंतराव त्यांचं नाव. तरुण पोरगा, नुकताच लागलेला, बोलायला गोड. चाचींचं घर बघून झालं आणि ते आमच्या दाराशी आले.

"मागं काय आहे?"

"परस आहे, साहेब."

"परसात काय आहे?"

"अळू," मी म्हणालो.

ते हसले आणि सरळ मागं गेले. तळ्याच्या काठाशी जाऊन थांबले. एक लालभडक चतुर त्यांच्या टोपीवर बसला, त्यांना कळलंही नाही. मग पिशवीतून पांढरी पळी काढली, काठाकाठानं दहा ठिकाणी बुडवली, प्रत्येक वेळी उन्हात धरून बघितली.

"डासाची अळी नाही."

"नाही, साहेब."

"पण पाणी आहे."

"आहे, साहेब."

"म्हणजे मी लिहायचं काय?"

मग ते पुढं दाराशी आले आणि भिंत वाचायला लागले. साचलेले पाणी नाही. साचलेले पाणी नाही. दर पंधरवड्याची ओळ, खालून वर, वरून खाली. माझे कान तापले. दारात आळीतली दहा-बारा माणसं जमली होती. त्यातला गहिनीनाथ मोठ्यानं म्हणाला, "लोकांची डबकी बुजवितो अन्‌ सोताच्या घरात समुंदर!" सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? या पाण्याचं मला काही कळत नाही. नियम तुम्हाला पाठ आहे. तुमचं तुम्ही ठरवा." आणि जीपमध्ये बसून गेले.

तेल टाका म्हणाले असते तर मी टाकलं असतं आणि साहेबाला शिव्या घालत बसलो असतो. टाकू नका म्हणाले असते तर गावापुढं छाती काढून उभा राहिलो असतो. पण त्यांनी दोन वाटा दाखवल्या. झालं! मी शिरलो बाभळीत. चाचींचा कण्हण्याचा आवाज कुंपणापलीकडून येत होता. माणसं अजून दारात होती. मी आत गेलो, काळ्या तेलाचा डबा आणला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा." आणि ओतला. सगळा.

तेल पसरत गेलं, त्याच्यावर निळे-जांभळे रंग आले. गहिनीनाथ म्हणाला, "बास की मास्तर, गंमत केली." माणसं पांगली. चतुर तेवढे उडून गेले, त्यांना पंख होते.

बनू टँकरच्या रांगेत होती. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन ती आली, मागच्या दारात उभी राहिली, आणि तशीच उभी राहिली. डोक्यावरचं उतरवायलाही विसरली.

"सायबानं सांगितलं व्हय?"

'व्हय' म्हणालो असतो तर तिनं साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या आणि मला जेवायला वाढलं असतं. बारा वर्षं भिंतीशी खोटं बोलत आलो, तेव्हा हे एवढं एक काय जड होतं? पण तिच्या डोक्यावरचं पाणी डचमळत होतं, आणि मला ते जमलं नाही.

"न्हाई," मी म्हणालो. "म्याच टाकलं."

ती आत गेली. तिनं हंडा उतरवला. मला वाटलं, आता रडेल, भांडेल, भांडी आपटेल. तिनं भाकऱ्या थापल्या.

सकाळी ती परसात होती. पदर कमरेला खोचून, पिठाची चाळणी घेऊन एक एक मासा उचलत होती. बेडूकही. चाळणीचं वाटोळं झालं म्हणून एरवी ती किती ओरडली असती! सगळे तिनं कर्दळीच्या मुळाशी पुरले. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुमी ऱ्हाऊ द्या. तुमचं काम झालं."

दिवाळी तशीच गेली. दुष्काळात कसली दिवाळी म्हणा. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तिनं लुगडी बोचक्यात बांधली. दरवर्षीसारखीच कोपरगावला निघाली. मी स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी सुटायच्या वेळेला ती खिडकीतून म्हणाली, "जाते."

आमच्याकडं बाई घरातून निघताना 'येते' म्हणते. 'जाते' कुणी म्हणत नाही. म्हणालीच तर घरची म्हातारी माणसं लगेच तोंडावर हात ठेवतात. मी तोंडावर हात ठेवायला पुढं झालो तर गाडी हलली.

आठवडा झाला, दोन झाले. मी तळं उपसलं. बादली बादली तेलकट पाणी नेऊन रस्त्याच्या खडीवर ओतलं. खाली काळा पट्टा असलेला कोरडा खड्डा राहिला. पहिल्यांदा जसा खणला होता तसाच, फक्त मी बारा वर्षांनी म्हातारा. दुसरा सोमवार आला. दारात उभा राहिलो. टोपी, पिशवी, गेरू. "घरात कुणाला ताप आहे का?" असं तोंडातून गेलंसुद्धा, सवयीनं. आत कोण होतं उत्तर द्यायला? अशा वेळी काय लिहायचं त्याचाही नियम होता. मी लिहिलं : घर बंद. किल्ली माझ्याच खिशात होती.

आणि डास वाढले. गंमत बघा! तळं गेलं आणि डास वाढले. चाची तापातून उठल्या, पण आळीत आणखी दोन जण पडले. चाची कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "सहादेवा, तुझी गंगा होती तवर आमी संध्याकाळी अंगणात बसत हुतो. आता बसता येत न्हाई. हे कसं रे?"

मला काय ठाऊक कसं! मी सगळी आळी पालथी घातली. नालीत पाणी नाही, डबक्यात पाणी नाही, दुष्काळात डबकं आणणार कुठून? मग हे डास आकाशातून पडतात का? दमून घरी आलो, रांजणातून तांब्या भरला, तोंडाला लावणार तोच उजेडात आत काहीतरी वळवळलं.

मी पळी आणली. रांजणात बुडवली. दहा अळ्या. पुन्हा बुडवली. पंधरा.

चाचींच्या पिंपात बघितलं, गहिनीनाथाच्या रांजणात बघितलं. सगळीकडं तेच. टँकरचं पाणी जो तो जपून ठेवत होता, तळाचं कुणी ओतत नव्हतं, रांजण कधी कोरडा होत नव्हता. बारा वर्षं मी लोकांच्या दारातली डबकी बघत हिंडलो, आणि पिण्याच्या रांजणात कधी वाकून बघितलं नाही. त्यात डास अंडी घालत होतेच, पण आळीतले डास खायला आमच्या परसात चतुर होते, बेडूक होते, पाण्यावर अंडी घातली तर मासे होते. ते मी मारले. निदान मला असं वाटतं. खात्रीनं कोण सांगणार?

मी घरोघर सांगितलं, रांजण ओतून द्या, घासून वाळवा. गहिनीनाथ माझ्या अंगावरच आला. "तिसऱ्या दिवशी दोन हंडे पानी मिळतंय, ते वतून देऊ? आधी माशे मारलं, आता मानसं मारतो का?" त्याचंही बरोबर होतं. ओतता येत नाही, पिण्याच्या पाण्यात तेल टाकता येत नाही. पुस्तक तिथं संपलं होतं.

मी कार्ड आणलं आणि बनूला लिहायला बसलो. 'माझं चुकलं' असं लिहायचं होतं. तीनदा लेखणी टेकवली, शब्द उमटेना. शेवटी जे लिहिता येतं ते लिहिलं : "सौ. बनूबाई हीस कळविण्यात येते की, घर नंबर एकशे चौदा येथील रांजणात अळ्या आढळल्या. पाणी ओतता येत नाही. तेल टाकता येत नाही. मासे असते तर खाल्ल्या असत्या. मासे नाहीत. सहादेव." वाचून बघितलं. असलं पत्र कुणी बायकोला लिहितं का? पण टाकलं पेटीत; तिचा भाऊ वाचून दाखवीलच.

पुढचा सोमवार आला तेव्हा मी फेरीला निघूच शकलो नाही. सकाळी अंगात कणकण भरली, मग थंडी. दोन गोधड्या, वर घोंगडी, तरी दात वाजत होते. शेकडो माणसांना मी विचारलं होतं, थंडी वाजून आली का? थंडी म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. दार लोटून घेतलं आणि पडून राहिलो. कुणाला सांगितलं नाही. मलेरियाच्या मास्तराला मलेरिया! गहिनीनाथाला महिनाभर पुरलं असतं.

दुपारची गाडी येऊन गेल्यावर दाराशी पावलं वाजली. थांबली. बाहेरून कुणीतरी भिंतीवरून हात फिरवल्याचा आवाज आला.

"ही वळ निराळीच हाय," आवाज आला. बनूचा. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या भिंतीवरच्या ओळीचा आकार तिला बारा वर्षांत पाठ झाला होता. "काय लिवलंय ह्ये?"

"घर बंद," मी आतून म्हणालो.

उठून दार उघडावं तर पाय उचलेना. बाहेर ती तशीच उभी. मग तिनं घसा खाकरला आणि माझ्यासारखा, अगदी माझ्यासारखा आवाज काढून विचारलं, "घर नंबर एकशे चौदा. घरात कुणाला ताप आहे का?"

'न्हाई' हा शब्द जिभेवर आला होता. त्या दारात तोच शब्द राहत होता.

"हाय," मी म्हणालो. आणि मला रडू आलं. तापामुळं असेल.

तिनं दार ढकललं. बोचकं कोपऱ्यात टाकलं, पण कडेवरचा तेलाचा डबा खाली ठेवला नाही. माझ्या कपाळाला हात लावला, गोळ्यांची पिशवी माझ्याकडं सरकवली, आणि सरळ रांजणाशी गेली. ओंजळीनं एक एक मासा सोडला. सात होते. "पंधरा घेतलं हुतं," ती म्हणाली. "गंगंलाबी पानी न्हाई औंदा. आठ वाटंत गेलं." आणि वाकून बघत राहिली. मी पडल्या पडल्या विचारलं, "खात्यात का?"

"तुमी गप पडा. खात्यात."

एक मुबारकबीचाचींकडं द्यायचा, एक गहिनीनाथाकडं, असं ती बोटावर काहीतरी ठरवत होती. मला विचारायचं होतं, राहणार का? जाणार का? पण कोणता प्रश्न आधी विचारावा ते कळेना, म्हणून विचारलाच नाही. ती मोरीत गेली. दोन दिवसांच्या प्रवासाची धूळ होती पायांवर. एका तांब्यात दोन्ही पाय धुतले, घंगाळात खाली साठलेलं पाणी उचललं आणि मागचं दार उघडून अळूच्या वाफ्यात ओतलं.

मी उशीवरून बघत होतो. अळू केव्हाच वाळलं होतं. पाणी मातीवरून थोडं पुढं गेलं, कर्दळीच्या बुडाशी थबकलं आणि जिरलं. खड्ड्यापर्यंत काही पोचलं नाही. बनू रिकामं घंगाळ हातात घेऊन उन्हात उभी होती, आणि कुठपर्यंत पोचलं ते बघत होती.